उपचार, इलाज, उपाय की चिकित्सा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुखण्याखुपण्याबद्दल बोलताना आणि लिहिताना मराठीत जे शब्द हाताशी असतात, त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भाषांतर करणारे, बातम्या लिहिणारे, रुग्णांसाठी माहितीपत्रके तयार करणारे आणि रुग्णाशी रोज बोलणारे, अशा सगळ्यांना ही उत्तरे कामी यावीत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे शब्दाची निवड चुकली तर आजारी माणसाचे नुकसान होते.

‘उपचार’ या शब्दाला समानार्थी शब्द कोणते?

इलाज, उपाय, चिकित्सा, औषधोपचार, औषधपाणी, दवापाणी, दवादारू, शुश्रूषा. आणि अलीकडे ट्रीटमेंट व थेरपी. कोशात हे सगळे शेजारी शेजारी बसतात. वाक्यात मात्र एकाच्या जागी दुसरा ठेवला की बऱ्याचदा खटकते. ‘काकांवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत’ हे सरळ वाक्य आहे. ‘काकांवर उपाय सुरू आहेत’ असे कोणी म्हणत नाही, कारण उपाय अडचणीवर असतो, माणसावर नसतो. ‘काकांची चिकित्सा सुरू आहे’ म्हटले तर त्यांची तपासणी चालली आहे की त्यांच्या वागण्याची चर्चा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘काकांचे औषधपाणी सुरू आहे’ म्हटले की काका घरीच आहेत असे गृहीत धरले जाते.

पूजेतला उपचार आणि दवाखान्यातला उपचार हा एकच शब्द आहे का?

हो, एकच. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे. जवळ जाऊन केलेली सेवा, पाहुणचार, सरबराई हा त्याचा जुना अर्थ. देवाला आवाहन करायचे, आसन द्यायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असे एकेक करत सोळा गोष्टी झाल्या की षोडशोपचार पूजा होते. वेळ कमी असेल तर गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य एवढ्या पाचांवर पंचोपचार पूजा. आजारी माणसाजवळ बसून त्याला जे जे हवे-नको ते पाहणे हाही उपचारच.

याच शब्दाची तिसरी शाखा म्हणजे ‘औपचारिक’. रीत म्हणून, पद्धत म्हणून करायची गोष्ट. ‘केवळ उपचार म्हणून बोलावले’ या वाक्यात आजाराचा काही संबंध नाही. संदर्भ स्पष्ट असला की गोंधळ होत नाही.

उपचार, उपाय आणि इलाज यांत नेमका फरक काय?

उपचार ही चालू राहणारी क्रिया आहे. ते सुरू होतात, काही दिवस किंवा काही वर्षे चालतात, बदलतात, थांबतात. ते आजारावरही होतात आणि रुग्णावरही.

उपाय म्हणजे मार्ग, तोड. ‘उप’ आणि ‘इ’ म्हणजे जाणे, यांतून तो आला आहे. ज्याने इष्ट ठिकाणी पोहोचता येते तो उपाय. म्हणूनच तो औषधापुरता राहिला नाही. साम, दाम, दंड आणि भेद हे राजनीतीतले चार उपायच आहेत. खोकल्यावर उपाय असतो, पाणीटंचाईवरही असतो. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘अपाय’, आणि तो मराठीत चांगला रुळलेला आहे: ‘उपाय करायला गेलो आणि अपाय झाला.’

इलाज अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ सरळ वैद्यकीय उपचार असाच आहे आणि हिंदीत तो आजही त्याच अर्थाने रोज वापरला जातो. मराठीने त्याला थोडे वेगळे वळण दिले. आपण ‘इलाज’ बहुतेक वेळा हतबलता सांगताना वापरतो: माझा इलाज नाही, त्याच्यापुढे कोणाचा इलाज चालत नाही, नाइलाजाने होकार दिला. ‘तिच्यावर इलाज चालू आहे’ हे वाक्य चूक नाही, बोलण्यात ते ऐकू येते. पण लिहिताना हिंदीची छाया नको असेल तर तिथे ‘उपचार चालू आहेत’ बरे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इलाज संपला की ‘नाइलाज’ होतो, उपाय संपला की ‘निरुपाय’ होतो. उपचाराला असा नकाराचा जोडशब्द मराठीने घडवलाच नाही. पुढे ‘इलाज नाही’ या वाक्याचा प्रश्न आला आहे, तिथे याचा उपयोग होईल.

‘चिकित्सा’ कधी वापरावा?

शास्त्राचे किंवा पद्धतीचे नाव सांगताना: पंचकर्म चिकित्सा, दंतचिकित्सा, शल्यचिकित्सा. सरकारी पदनामात ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ आहे, तेही त्याच वळणाचे. चरकसंहितेच्या आठ स्थानांपैकी एकाचे नाव चिकित्सास्थान. ग्रंथाच्या एकूण १२० अध्यायांपैकी ३० अध्याय त्यात आहेत. सुश्रुतसंहितेतल्या चिकित्सास्थानात ४० अध्याय आहेत.

रोजच्या मराठीत मात्र ‘चिकित्सा’ म्हणजे बारकाईने केलेली तपासणी, खोलात जाऊन केलेली विचारपूस. ‘एवढी चिकित्सा कशाला करतोस, घे की पटकन’ हे वाक्य भाजी घेतानाही कानावर पडते. ‘ती फार चिकित्सक आहे’ म्हणजे ती डॉक्टर आहे असे कोणी समजत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची जी आवृत्ती सिद्ध केली, तिला ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणतात, तेही याच अर्थाने.

म्हणून रुग्णासाठीच्या पत्रकात ‘आपली चिकित्सा उद्यापासून सुरू होईल’ असे लिहू नये. ‘उद्यापासून उपचार सुरू होतील’ हे कोणालाही कळते.

‘उपचार सुरू आहे’ की ‘उपचार सुरू आहेत’? ‘रुग्णाला’ की ‘रुग्णावर’?

‘उपचार सुरू आहेत.’ उपचार पुल्लिंगी आहे आणि त्याचे एकवचन व अनेकवचन दिसायला सारखेच, त्यामुळे फरक क्रियापदात दिसतो. तपासणी, गोळ्या, सलाईन, मलमपट्टी अशा अनेक गोष्टी मिळून उपचार होतात, म्हणून अनेकवचन स्वाभाविक. एखाद्या विशिष्ट उपचाराबद्दल बोलायचे तर एकवचन चालते: ‘हा उपचार गरोदर स्त्रियांसाठी नाही.’

‘रुग्णावर उपचार केले’ हीच मराठीची ठेवण. ‘रुग्णाला उपचार दिले’ हे अलीकडे अहवालांतून फार दिसते. औषध देतात, गोळी देतात, सलाईन लावतात, टाके घालतात, उपचार करतात. रुग्णाच्या बाजूने सांगायचे असेल तर ‘घेणे’ किंवा ‘मिळणे’: ‘तो वर्षभर उपचार घेत होता’, ‘वेळेवर उपचार मिळाले म्हणून हात वाचला.’

घरात बोलताना ‘उपचार’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. मग लोक काय म्हणतात?

दोन शेजारणींचे हे बोलणे पाहा.

‘गुडघ्याचं काय म्हणतंय, वहिनी?’

‘दाखवलं की मागच्या आठवड्यात. गोळ्या चालू आहेत, शेकही घेते.’

‘मग, काही फरक?’

‘सूज उतरलीय. पण जिना चढताना कळ येतेच. म्हणाले, हळूहळू गुण येईल.’

‘कुणाचं औषध चालू आहे?’

यात उपचार हा शब्द एकदाही आला नाही, आणि सगळे उपचारांबद्दलच आहे. डॉक्टरांकडे जाण्याला ‘दाखवणे’. उपचार सुरू असण्याला ‘औषध चालू असणे’. परिणाम दिसू लागण्याला ‘फरक पडणे’, ‘उतार पडणे’, ‘आराम पडणे’, ‘गुण येणे’. औषध योग्य ठरले की ते ‘लागू पडते’. ते घेऊन त्रास झाला नाही तर ‘मानवते’. उष्ण पडले, पित्त खवळले तर ‘सोसत नाही’. एखाद्या डॉक्टरकडे लोकांना हमखास बरे वाटत असेल तर ‘त्यांच्या हाताला गुण आहे’, त्यांचा ‘हातगुण’ चांगला.

रुग्णाशी बोलणाऱ्या प्रत्येकाला ही क्रियापदे यायला हवीत. ‘औषधोपचाराचा प्रतिसाद कसा आहे?’ असे विचारले तर आजी गप्प बसतात. ‘गोळ्यांनी काही फरक पडला का? गोळ्या मानवतात ना?’ असे विचारले की त्या कालपासून मळमळतेय हेही सांगतात. ही माहिती पुढचा डोस ठरवायला लागते आणि ती शब्दामुळे अडून राहू नये.

‘दवादारू’मधली दारू कुठली?

फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवा’ अरबी, अर्थ तोच. दोन्ही मिळून एकाच अर्थाचा जोडशब्द झाला, जसा ‘कागदपत्र’. मराठीत ‘दारू’ पुढे मद्याला आणि बंदुकीच्या भुकटीलाही लागला, म्हणून आज ‘दवादारू’ ऐकून नवख्याला आश्चर्य वाटते. लेखी मजकुरात ‘औषधपाणी’ वापरणे सोयीचे. दवाखान्यातला ‘दवा’ही हाच, आणि ‘मलम’ हे अरबी ‘मरहम’चे आपल्या तोंडी बसलेले रूप.

शुश्रूषा म्हणजे उपचारच ना?

उपचारांचा तो असा भाग आहे जो बिलात दिसत नाही. अंग पुसणे, कूस बदलणे, वेळेवर पाणी देणे, पथ्याचे सांभाळणे, रात्री उठून ताप पाहणे. शब्दाचा मूळ अर्थ मोठा सुंदर आहे: ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. समोरच्याला काय हवे ते ऐकायला तयार असणे, आणि त्यातून सेवा.

योगायोग असा की ‘थेरपी’ ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचाही जुना अर्थ सेवा, तैनातीत असणे असाच आहे. उपचार, शुश्रूषा, थेरपी, तिन्ही शब्दांत औषध नंतर आले, जवळ असणे आधी. चरकसंहिता चिकित्सेचे चार पाद सांगते: वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, परिचारक आणि रोगी. शुश्रूषा करणारा तिथे वैद्याच्या बरोबरीने मोजला आहे. ‘नुसती शुश्रूषा चालू आहे, उपचार काही नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

‘ट्रीटमेंट’ आणि ‘थेरपी’ यांना प्रत्येक वेळी मराठी शब्द शोधायचा का?

जिथे रुळलेला मराठी शब्द आहे तिथे तो वापरावा: प्रथमोपचार, औषधोपचार, शस्त्रक्रिया, मानसोपचार, निसर्गोपचार. यांतला ‘निसर्गोपचार’ महात्मा गांधींच्या कामामुळेही घरोघरी पोहोचला. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ सालचा.

‘किरणोपचार’ वाचणाऱ्याला कळतो, चालवावा. ‘भौतिकोपचार’ मात्र पाटीवर लिहिला तर किती जण आत येतील? लोक फिजिओथेरपी म्हणतात, तेच लिहावे. केमोथेरपीचे तसेच. रुग्णाच्या हातातल्या कागदावर ‘केमोथेरपी’ असते, डॉक्टर ‘केमो’ म्हणतात. अशा वेळी पत्रकात ‘रसायनोपचार’ वाचून त्याला ही तिसरीच कुठली गोष्ट असे वाटू नये.

तरुण मंडळी ‘मी थेरपी घेतेय’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा मनाच्या त्रासासाठी बोलून घेतलेली मदत अभिप्रेत असते. त्याला ‘समुपदेशन’ किंवा ‘मानसोपचार’ म्हणता येईल, पण दोन्ही एकच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर, तो औषधे लिहून देतो. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ प्रामुख्याने संवादातून काम करतात. भाषांतरात या तिघांची सरमिसळ झाली की माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

इंग्रजीतल्या प्रत्येक ट्रीटमेंटला ‘उपचार’ म्हणता येईल का?

नाही. सांडपाण्यावर ‘प्रक्रिया’ करतात, बियाण्यांची ‘बीजप्रक्रिया’ असते, एखाद्या विषयाची ‘हाताळणी’ किंवा ‘मांडणी’ असते आणि माणसाला मिळते ती ‘वागणूक’. उपचार सजीवासाठी राखून ठेवलेला बरा.

‘उतारा’ आणि ‘तोडगा’ हे उपचारच आहेत का?

‘उतारा’ या एका शब्दात बरेच काही आहे. विषावर उतारा म्हणजे विषाचा परिणाम काढून टाकणारे औषध. पुस्तकातला उतारा, सातबाराचा उतारा हे वेगळे. आणि दृष्ट काढून ओवाळून टाकतात तोही उतारा. साप चावल्यावर ‘उतारा करा’ असे दोन माणसे म्हणाली तर एकाच्या मनात प्रतिविषाचे इंजेक्शन असेल आणि दुसऱ्याच्या मनात मांत्रिक. सर्पदंशाबद्दल लिहिताना म्हणूनच ‘उतारा’ हा शब्द टाळावा आणि ‘प्रतिविषाचे इंजेक्शन’ असे स्पष्ट लिहावे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘तोडगा’ हाही मुळात नड दूर करण्यासाठीचा उपाय. आता तो वाटाघाटींच्या बातम्यांत जास्त दिसतो: संपावर तोडगा निघाला. आजाराबाबत त्याला मंत्रतंत्राचा वास आहे, तिथे तो नकोच.

‘रामबाण’, ‘जालीम’, ‘अक्सीर’ हे शब्द औषधाबद्दल वापरावेत का?

बोलताना खुशाल वापरावेत, ते रसरशीत शब्द आहेत. रामाचा बाण फुकट जात नाही, म्हणून रामबाण. ‘जालीम’चा मूळ अर्थ जुलमी, पण औषध जालीम म्हणजे कडक, हटकून काम करणारे. ‘अक्सीर’ म्हणजे हमखास गुण देणारे, तो अरबीतून आला.

जाहिरातीत किंवा आरोग्यविषयक लेखात मात्र हे शब्द नकोत. मधुमेह, कर्करोग यांसारख्या ठरावीक आजारांवर खात्रीने गुण देण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ‘मधुमेहावर रामबाण’ वाचून कोणीतरी इन्सुलिन बंद करते. त्यानंतर त्याचे काय होते ते जाहिरात देणारा पाहायला जात नाही.

‘मात्रा’ म्हणजे डोस का?

हो, औषधाचे प्रमाण. शिवाय ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ आणि ‘बरोबर मात्रा लागू पडली’ हे वाक्प्रचार. गोळीच्या सूचनांमध्ये ‘डोस’ हा शब्द जास्त जणांना कळतो.

या शब्दांवरून आलेल्या म्हणी कोणत्या?

‘आजार रेड्याला, औषध पखालीला’ ही सगळ्यांत नेमकी. दुखणे एकाचे आणि उपाय भलतीकडे. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणजे काही न करता पीडा टळली. ‘स्वभावाला औषध नाही’ ही रोजची. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ हीही बातम्यांतून पुष्कळ दिसते. आणि ‘औषधालाही नाही’ म्हणजे अजिबात नाही, औषधाला लागते तेवढे चिमूटभरसुद्धा नाही. ‘वरवरची मलमपट्टी’ हा वाक्प्रचार राजकीय लेखनात इतका वापरला गेला आहे की खऱ्या मलमपट्टीला तो अन्याय वाटावा; जखम साफ करून नीट बांधणे हे मोठे कौशल्याचे काम आहे.

‘गुण आला’ म्हणजे ‘बरा झाला’ का?

नाही, आणि हा फरक सांगितलाच पाहिजे. गुण येणे म्हणजे त्रास कमी होऊ लागणे. बरे होणे म्हणजे आजार जाणे. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. नेहमीच्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर साधारणपणे सहा महिने औषधे घ्यावी लागतात. पण काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढू लागते. घरचे म्हणतात, ‘छान गुण आला!’ रुग्ण ऐकतो, ‘मी बरा झालो’, आणि गोळ्या थांबवतो. जंतू शिल्लक असतात, आजार उलटतो, आणि तोपर्यंत जंतू त्या औषधांना दाद देईनासे झालेले असू शकतात. म्हणून गोळ्या हातात देतानाच सांगावे: ‘गुण लवकर येईल, पण बरं व्हायला पूर्ण सहा महिने लागतील. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत गोळ्या थांबवायच्या नाहीत.’

मधुमेह, उच्च रक्तदाब, एचआयव्ही यांची गोष्ट आणखी वेगळी. आजार असतो, तो ताब्यात राहतो, माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करतो. औषध मात्र चालू ठेवावे लागते. आयुर्वेदाने रोगांचे सुखसाध्य, कष्टाने साध्य होणारे, याप्य आणि असाध्य असे प्रकार केले होते. याप्य म्हणजे पूर्ण न जाणारा, पण उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा. यांतला ‘असाध्य’ मराठीत घरोघरी पोहोचला आणि ‘याप्य’ पोथीतच राहिला. ज्या शब्दाची सर्वांत जास्त गरज होती, तोच आपल्या बोलण्यात आला नाही. आज तो शब्द कोणाला कळणार नाही. पण ‘हा आजार जाणार नाही, पण ताब्यात राहील’ हे साधे वाक्य नक्की कळते, आणि ते सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आजार बरा होणार नसेल तेव्हा ‘आता इलाज नाही’ असे म्हणणे योग्य आहे का?

माझे मत स्पष्ट आहे: म्हणू नये. डॉक्टरांना म्हणायचे असते की आजार नाहीसा करणारे औषध उरलेले नाही. घरच्यांच्या कानावर पडते ते ‘आता काहीच करण्यासारखे नाही’. मग रुग्णाला घरी आणतात आणि वेदना, धाप, मळमळ, झोप न लागणे, अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, सगळे नशिबाचे म्हणून सोसले जाते. यातल्या बहुतेक त्रासांवर औषधे आहेत. तीव्र वेदनांवर मॉर्फिन आहे, धाप लागत असेल तर ती हलकी करण्याचे मार्ग आहेत, जखमांची निगा राखता येते, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलायला प्रशिक्षित माणसे असतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत ‘त्रास कमी करणारे उपचार’ म्हटले तर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा वाक्य असे असावे: ‘आजार बरा होईल असं औषध आता आपल्याकडे नाही. पण त्यांना दुखू नये, झोप लागावी, श्वासाला त्रास होऊ नये यासाठीचे उपचार आपण चालूच ठेवणार आहोत.’ पहिला भाग खरा आहे आणि तो लपवू नये. दुसरा भागही तितकाच खरा आहे. नातेवाईकांनाही हेच सांगणे आहे: कोणी ‘इलाज नाही’ म्हणाले तर तिथेच विचारावे, ‘दुखणं कमी करण्यासाठी काय करता येईल?’

लिहिताना कोणत्या चुका जास्त होतात?

‘शुश्रूषा’ असे लिहावे, दोन्ही वेळा तालव्य श आणि दुसरा उकार दीर्घ, ‘सुश्रुषा’ चूक. ‘तज्ज्ञ’मध्ये ज्ज्ञ, त्यामुळे ‘मानसोपचारतज्ज्ञ’. ‘निरुपाय’मध्ये रु ऱ्हस्व. ‘नाइलाज’मध्ये इ ऱ्हस्व. ‘औषधोपचार’ आणि ‘प्रथमोपचार’ हे शब्द जोडूनच लिहावेत. चिकित्सा, शुश्रूषा, मात्रा आणि थेरपी स्त्रीलिंगी. उपचार, उपाय, इलाज आणि गुण पुल्लिंगी. औषध आणि पथ्य नपुंसकलिंगी. विभक्ती लागताना ‘चिकित्सेने’, ‘शुश्रूषेमुळे’, ‘उपचारांनंतर’ अशी रूपे होतात.